लॅपटॉप ते रूळ: मॉडेल रेल्वेचं तुटलेलं कनेक्शन कडी-कडीने शोधताना

पाहुण्यांची मुलं स्टुलांवर बसलेली, प्लायवूडवर एचओ या लहान मापाच्या रेल्वेचा लेआउट मांडलेला, इंजिन रुळावर तयार, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ: पोर्ट उघडता आला नाही. त्या संध्याकाळी मी घाईघाईने ड्रायव्हर बदलला, जेएमआरआय (लॅपटॉपवरून गाड्या चालवायचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकलं, रुळांच्या वायरी उपटून परत जोडल्या. दोन दिवसांनी खरं कारण सापडलं. सकाळी टेबल आवरताना कुणीतरी यूएसबी केबल लॅपटॉपच्या उजव्या बाजूने काढून डाव्या बाजूला खोचली होती. तेवढ्याने पोर्टचा नंबर बदलला आणि जेएमआरआय बिचारं जुन्याच नंबरावर हाका मारत बसलं. रोग रेड्याला, औषध पखालीला. वर त्या औषधामुळे आणखी दोन बिघाड झाले ते वेगळेच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. लॅपटॉपपासून रुळापर्यंत एकेक कडी तपासायची, प्रत्येक कडीला असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असेल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेजारी वही ठेवायची. काय बदललं ते लिहिलं नाही तर तासाभराने आपल्यालाच आठवत नाही.

उदाहरणासाठी माझीच जोडणी घेतो, कारण भारतात कमी खर्चात डिजिटल गाड्या चालवायच्या तर बरेच जण शेवटी हिच्यापाशीच येतात: आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज पुरवणारा जोडबोर्ड), मेगामध्ये डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर आणि विंडोज लॅपटॉपवर जेएमआरआय. झेड 21, डिजिट्रॅक्स वगैरे तयार यंत्रणावाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे, पण क्रम त्यांनाही हाच.

आधी कोण काय करतं ते

रुळांवरचा डीसीसी सिग्नल, म्हणजे रुळांमधून इंजिनांना जाणारे डिजिटल हुकूम, कॉम्प्युटर तयार करत नाही. एकचा बिट म्हणजे 58 मायक्रोसेकंदांचे दोन अर्धे भाग, शून्याचा प्रत्येक अर्धा भाग किमान सुमारे 100 मायक्रोसेकंदांचा. हा हिशेब मेगा सांभाळतो. लॅपटॉप फक्त चिठ्ठी पाठवतो: 'तीन नंबरच्या इंजिनाला वेग 20 द्या.' म्हणून लॅपटॉप कितीही मंद असला तरी रुळांवरचा सिग्नल बिघडत नाही. त्याचप्रमाणे रूळ कितीही घाण असले तरी 'पोर्ट सापडत नाही' असा संदेश त्यामुळे येत नाही. निम्मी शोधाशोध इथेच वाचते. पडद्यावर पोर्टाची तक्रार असेल तर रूळ पुसायला घेऊ नका.

म्हणून पहिलं काम हे: मोटर शील्डमधून रुळांकडे जाणाऱ्या चारही वायरी काढा आणि शील्डचा पॉवर सप्लाय बंद करा. आता टेबलावर फक्त लॅपटॉप, यूएसबी केबल आणि मेगा. एवढं तरी एकमेकांशी बोलतं का, ते आधी पाहायचं.

पहिली कडी: केबल

मेगाला सहसा प्रिंटरसारखी चौकोनी तोंडाची केबल लागते. मायक्रो यूएसबीवाला बोर्ड असेल तर मात्र घरातल्या मोबाइलच्या केबलींपैकी एखादी फक्त चार्जिंगपुरती असू शकते. तिच्यात डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा छान पेटतो आणि लॅपटॉपला पत्ताही नसतो. केबल डेटाची आहे का हे कळायला तीच लावून मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का ते पाहा.

केबल लांब नको. यूएसबी 2 साठी 5 मीटर ही कमाल मर्यादा मानतात. मी 2 मीटरच्या पुढे जात नाही. तपासणीपुरता मधला हब काढून टाका आणि केबल थेट लॅपटॉपमध्ये लावा. हब ठेवायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

दुसरी कडी: विंडोजला पोर्ट दिसतो का

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'पोर्ट्स' ही ओळ उलगडा. आता मेगाची केबल काढा, पुन्हा लावा आणि नजर पडद्यावर ठेवा. जी नोंद नाहीशी होऊन परत येते ती तुमची. तिचा कॉम नंबर वहीत लिहा.

इथे चार शक्यता आहेत. काहीच हललं नाही, 'टुंग' आवाजही आला नाही, तर मागच्या कडीवर जा: केबल, सॉकेट किंवा खुद्द बोर्ड.

पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर नाही. मूळ आर्डुइनोवर यूएसबीसाठी स्वतंत्र एटमेगा चिप असते. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा सीएच 340 असते. विंडोज 10 आणि 11 इंटरनेट चालू असेल तर तिचा ड्रायव्हर बहुधा स्वतःच शोधतात. नाही शोधला तर चिप बनवणाऱ्या डब्ल्यूसीएच कंपनीचा टाका. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाखाली मिळणारी कसलीही फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका.

तिसरी शक्यता जरा फसवी. यादीत कॉम 3, कॉम 4 आधीपासून आहेत म्हणून आपण त्यातलाच एक निवडतो. नीट वाचलं तर ते ब्लूटूथचे निघतात. जेएमआरआयला असा पोर्ट दिला की ते बराच वेळ अडकून बसतं आणि आपल्याला वाटतं मेगाच मेला.

चौथी म्हणजे माझी कथा. सीएच 340 ला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोज तिला यूएसबीच्या जागेवरून ओळखतं: जागा बदलली की नवा कॉम नंबर. उपाय अगदी घरगुती आहे. लॅपटॉपच्या एका सॉकेटशेजारी 'रेल्वे' असा स्टिकर लावा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

तिसरी कडी: पोर्टावर आधीच कोणी बसलंय का

कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सीरियल मॉनिटर उघडा राहिला की जेएमआरआयला पोर्ट मिळत नाही. उलटंही खरं. थ्रीडी प्रिंटर असेल आणि त्याचं क्युरा हे सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही प्रिंटरच्या शोधात दिसेल तो पोर्ट चाचपतं. जेएमआरआयच्या दोन खिडक्या चुकून उघडणं तर नेहमीचंच. डिकोडरप्रो आणि पॅनेलप्रो ही जेएमआरआय या एकाच प्रोग्रामची दोन तोंडं आहेत. एक चालू असताना दुसरं वेगळं सुरू करू नका, पहिल्याच्याच मेनूतून हवी ती खिडकी उघडा.

कोण बसलंय ते सापडत नसेल तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. 'बंद करून चालू करा' या सल्ल्याला मी एरवी नाकं मुरडतो, पण इथे तो योग्य आहे, कारण अर्धवट बंद झालेल्या प्रोग्रामने धरून ठेवलेला पोर्ट त्याने सुटतो.

चौथी कडी: मेगाशी थेट बोला

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच. जेएमआरआय पूर्ण बंद. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडा, पोर्ट निवडा, सीरियल मॉनिटर सुरू करा, वेग 115200 ठेवा.

मॉनिटर उघडताच मेगा स्वतःला रीसेट करतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. पोर्ट उघडला की तसा इशारा जातोच. दोन-तीन सेकंदांत डीसीसी-ईएक्सचं नाव, आवृत्ती, बोर्डाचा आणि मोटर शील्डचा प्रकार अशा ओळी उमटल्या पाहिजेत. मग कीबोर्डवरच्या 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' या चिन्हांच्या मध्ये लहान लिपीतलं इंग्रजी एस अक्षर टाइप करून पाठवा. पुन्हा तशीच ओळख आली पाहिजे.

आली? मग केबल, ड्रायव्हर, पोर्ट, मेगा आणि त्यातलं सॉफ्टवेअर, पाचही गोष्टी ठीक. पुढचा बिघाड जेएमआरआयच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या पलीकडे.

ओळखीऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली तर वेग चुकला आहे. काहीच आलं नाही, पण पोर्ट उघडतो, तर मेगा बहुधा कोरा आहे किंवा त्यात दुसरा कुठलातरी प्रोग्राम आहे. ईएक्स-इन्स्टॉलरने डीसीसी-ईएक्स पुन्हा भरा आणि मोटर शील्डचा प्रकार नीट निवडा. तोही लिहीत नसेल तर शील्ड काढून नुसत्या मेगावर करून पाहा.

शील्ड काढलीच आहे तर एक गोष्ट बघून घ्या. आर्डुइनोच्या मूळ मोटर शील्डच्या खालच्या बाजूला 'व्हीइन कनेक्ट' लिहिलेली बारीक तांब्याची पट्टी असते. ती कापलेली नसेल तर रुळांसाठी दिलेले 14-15 व्होल्ट थेट मेगाच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर जातात. तो तापतो, मेगा मधेच रीसेट होतो, कनेक्शन जातं-येतं आणि एखाद्या दिवशी बोर्ड कायमचा निवृत्त होतो. मेगावरचा रेग्युलेटर बोट ठेववत नाही इतका गरम लागत असेल तर ड्रायव्हर-बिव्हर विसरा, आधी ही पट्टी पाहा.

पाचवी कडी: जेएमआरआय

सीरियल मॉनिटर बंद करा. खरंच बंद करा. मग जेएमआरआयच्या प्रेफरन्सेसमध्ये कनेक्शन्सच्या पानावर जा. उत्पादकांच्या यादीत डीसीसी-ईएक्स निवडा. जुन्या आवृत्तीत ते डीसीसी प्लस प्लस या नावाने असतं. कनेक्शनचा प्रकार सीरियल, पोर्ट वहीत लिहिलेला. सेव्ह केल्यावर जेएमआरआय स्वतःला रीस्टार्ट करायला विचारतं, त्याला हो म्हणा. रीस्टार्ट झाल्याशिवाय नवा पोर्ट लागू होत नाही. 'मी तर बदललं होतं' असं म्हणणाऱ्यांपैकी अर्धे इथेच अडलेले असतात.

जेएमआरआय सुरूच होत नसेल तर जावा तपासा. पाच क्रमांकाच्या मालिकेपासून जावा 11 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जुन्या लॅपटॉपवरची जावा 8 तिला चालत नाही.

सुरू झाल्यावर मुख्य खिडकीतली कनेक्शनची ओळ पाहा. काळी असेल तर बरं, लाल असेल तर पोर्ट उघडला नाही. जुन्या प्रयोगांतली कनेक्शनं प्रेफरन्सेसमध्ये तशीच पडून असतील तर काढून टाका.

आता रुळांपैकी फक्त प्रोग्रॅमिंग ट्रॅक (इंजिनाची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीचा वेगळा तुकडा) जोडा, शील्डचा पॉवर सुरू करा, एक इंजिन ठेवा आणि डिकोडरप्रोमधून त्याचा पत्ता वाचायला सांगा. वाचता आलं तर छान. नाही आलं तर जो आकडा येतो तो वहीत लिहा, कारण बिघाड कुठल्या बाजूला आहे हे तो आकडाच सांगतो.

306 म्हणजे कमांड स्टेशनकडून (आपल्याकडे मेगाकडून) वेळेत उत्तरच आलं नाही. बिघाड लॅपटॉपच्या बाजूला; वरच्या चार कड्यांकडे परत जा.

301 म्हणजे इंजिन सापडलं नाही. 308 म्हणजे इंजिनाने होकार दिला नाही. हे दोन आकडे पाहून लोक ड्रायव्हर बदलायला धावतात, आणि मला त्यांना हात धरून थांबवावंसं वाटतं. हे आकडे आले याचा अर्थ लॅपटॉपने विचारलं, मेगाने ऐकलं, रुळांवर प्रश्न पाठवला आणि उत्तर मिळालं नाही हे परत कळवलं. म्हणजे कॉम्प्युटरचं कनेक्शन ठणठणीत आहे!

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर (इंजिनातली हुकूम समजणारी चिप) होकार देतो तो बोलून नाही. तो मोटर क्षणभर चालवून किमान 60 मिलिअँपिअर जास्तीचा करंट साधारण 6 मिलिसेकंद ओढतो आणि मेगा तेवढी उसळी मोजतो. चाकांवर काजळी असेल, इंजिन मुख्य रुळांवर उभं असेल, दोन्ही ट्रॅकच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील किंवा पॉवर सप्लाय सुरूच केला नसेल, तर ही उसळी दिसणार कुठून? रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात आमच्याकडे दर आठवड्याला हेच करावं लागतं. कोकणात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शेवटी मुख्य रूळ जोडा. पॉवर देताच लगेच बंद होत असेल तर शॉर्ट आहे. सांध्यांवर (गाडीचा रूळ बदलतो त्या जागांवर) आणि फिरून स्वतःलाच येऊन मिळणाऱ्या वळणांवर शोधा.

चालता चालता तुटतं, ते

सुरुवातीलाच न जोडलं जाणं परवडतं. अर्ध्या तासाने, आणि तेही गाडी बोगद्यात असताना तुटणं हा खरा छळ. इथे सारखं काहीतरी बदलत बसण्यापेक्षा तुटलं त्या क्षणी काय घडत होतं ते लिहून ठेवा. चार-पाच नोंदींत बहुधा काहीतरी सारखं दिसू लागतं.

सगळं शांत असताना, कुणी हात लावला नसताना तुटत असेल तर संशय विजेच्या बचतीवर. विंडोज यूएसबीला झोपवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तिथली टिकही काढा.

सांधा बदलताना तुटत असेल तर तो विद्युत गोंगाट. सांधा हलवणाऱ्या कॉइलवाल्या पॉइंट मोटरला एका झटक्यात बराच करंट लागतो आणि त्या झटक्याचा धक्का शेजारून जाणाऱ्या यूएसबी केबलपर्यंत पोचतो. मी पूर्वी सगळ्या वायरी नीटनेटक्या एकाच जुडग्यात बांधल्या होत्या. दिसायला सुरेख, चालायला वाईट. यूएसबी केबल रुळांच्या मुख्य वायरींपासून लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, केबलवर गोंगाट शोषणारा फेराइटचा मणी चढवा आणि सांध्यांना वेगळा सप्लाय द्या.

इंजिन घसरून शॉर्ट झाला की तुटत असेल, किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगकडे पाहा. दोन पिनांचा अडॅप्टर किंवा अर्थ नसलेला तीन पिनांचा सॉकेट आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. चाचणी सोपी आहे: अडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. तुटणं थांबलं तर कारण सापडलं. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेणं हा खरा उपाय. शिवाय मधे यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारं उपकरण) लावता येतो. एडीयूएम 4160 चिपवाले 12 मेगाबिटपर्यंतच चालतात, पण आर्डुइनोला तेवढा वेग पुरून उरतो.

लिनक्स आणि रास्पबेरी पाय

पोर्ट दिसतो पण उघडत नाही, असं असेल तर बहुधा परवानगीचा प्रश्न. तुमचा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. उबुंटू 22.04 वर एक गंमत आहे: अंधांसाठी ब्रेल पडदे चालवणारी बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच 340 ला ब्रेल पडदा समजते आणि ताब्यात घेते. केबल लावताच पोर्ट येतो आणि क्षणात गायब होतो. घरात कुणी ब्रेल पडदा वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. मॉडेममॅनेजरही नव्या पोर्टाला मॉडेम समजून चाचपतो. रेल्वेच्या कॉम्प्युटरवर तो बंदच बरा.

लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल आणि त्याच्या पडद्यावर विजेचं चिन्ह चमकत असेल तर त्याला व्होल्टेज कमी पडतंय. पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलच्या चार्जरवर तो चालतो, पण यूएसबी मधेच सोडतो.

झेड 21, वाय-फाय आणि मोबाइल

रोको कंपनीच्या झेड 21 या तयार कमांड स्टेशनला कॉम पोर्ट नसतो, नेटवर्कचा पत्ता असतो. कारखान्यातून तो 192.168.0.111 असतो आणि संवाद यूडीपी या नेटवर्क-पद्धतीच्या 21105 पोर्टवर चालतो. घरचा राउटर वेगळ्या गल्लीत असेल तर गाठ पडत नाही: जिओफायबरचा राउटर सहसा 192.168.29 ने सुरू होणारे पत्ते वाटतो, इतर बरेच 192.168.1 ने. झेड 21 बरोबर मिळालेलाच राउटर वापरा. किंवा लॅपटॉप केबलने थेट जोडून त्याला हाताने 192.168.0.50 असा पत्ता आणि 255.255.255.0 हा मास्क द्या. मग पिंग करा, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते कमांडने पाहा. पिंगला उत्तर येतं पण प्रोग्राम जोडला जात नाही, तर विंडोजच्या फायरवॉलने यूडीपी अडवलं आहे. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा आणि जेएमआरआयच्या जावाला परवानगी द्या.

मोबाइलवर 'इंजिन ड्रायव्हर' हे ॲप वापरत असाल तर ते जेएमआरआयच्या वायथ्रॉटल सर्व्हरला (मोबाइलवरून गाडी चालवू देणाऱ्या भागाला) 12090 पोर्टवर शोधतं. सर्व्हर सुरू आहे ना, आणि मोबाइल गेस्ट वाय-फायवर तर नाही ना, हे बघा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. मेगाला ईएसपी 8266 हा वाय-फाय बोर्ड लावून थेट त्याच्याच वाय-फायवर जात असाल तर पत्ता 192.168.4.1, पोर्ट 2560. त्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि गाडी ऐकेनाशी होते. खेळ संपेपर्यंत डेटा बंद ठेवा.

इतर काही ओळखीचे खोडे

डिजिट्रॅक्सचा पीआर 3 किंवा पीआर 4 (कॉम्प्युटर आणि लेआउट जोडणारी पेटी) असेल तर जेएमआरआयमध्ये कमांड स्टेशनचा प्रकार नीट निवडा. तिथे 'स्टँडअलोन' राहिलं तर तो नुसता प्रोग्रॅमर होऊन बसतो, लेआउटवरचं काहीच हलत नाही. एनसीईच्या पॉवर प्रो या कमांड स्टेशनला सीरियल पोर्ट आहे, वेग 9600. त्यासाठी घेतलेल्या स्वस्त यूएसबी-सीरियल केबलीत प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असेल तर नवा ड्रायव्हर तिला नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड 10' दिसतो. जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा एफटीडीआय चिपची केबल घ्या. ती चांगली आहे का हे पाहायला तिच्या नऊ पिनांपैकी 2 आणि 3 तारेच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप करा. टाइप केलेली अक्षरं परत उमटली तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर 'चालत नाही' एवढंच लिहू नका. जेएमआरआयच्या हेल्प मेनूत सिस्टिम कन्सोल आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा, बिघाड एकदा घडू द्या, मग कन्सोलमधला मजकूर पहिल्या ओळीपासून कॉपी करा. पडद्याचा फोटो नको, मजकूरच द्या. आवृत्ती, जावा, पोर्टचं नाव, सगळं त्यात असतं. सोबत वहीतल्या नोंदी आणि सीरियल मॉनिटरमध्ये मेगाने दिलेली ओळख जोडा.